शेवटचे चार सूत

सांगलीजवळच्या एका गॅरेजात मी तो क्षण पहिल्यांदा पाहिला. पाण्याच्या एका जुन्या टँकरचं इंजिन कामातून गेलं होतं. त्याच्या जागी, अपघातात चेपलेल्या दुसऱ्या ट्रकमधलं सहा सिलिंडरचं कमिन्स बसवायचं काम चाललं होतं. गिअरबॉक्स मात्र टँकरचा जुनाच राहणार होता. इंजिन चासीवर बसलेलं, गिअरबॉक्स खालून जॅकवर उचललेला. तो इंच-इंच पुढे सरकत इंजिनाच्या इतका जवळ आला, की मधे फक्त अर्ध्या इंचाची फट उरली. चार सूत. आणि तिथेच अडला.

मदतनीस पोरगा बोल्ट घेऊन पुढे झाला. बोल्ट आवळले की गिअरबॉक्स आपोआप ओढला जाईल, असा त्याचा हिशेब. मिस्त्रींनी त्याचा हात धरला.

"ओढायचा नाही रे. त्याचा त्याला येऊ दे."

मग ते गाडीच्या मागच्या अंगाला गेले, गिअर टाकला आणि गिअरबॉक्सचा मागचा फ्लँज हातानं केसभर फिरवला. थोडा उजवीकडे, थोडा डावीकडे. आत कुठेतरी दात्यांना त्यांच्या खाचा सापडल्या आणि दोन माणसांना न हलणारा तो लोखंडी ऐवज चार सूत सहज पुढे गेला. टक्. फट मिटली.

"बघितलं का दादा? जोर लावला असता तर क्लच प्लेट वाकली असती. मग गाडी चालती, पण गिअर कधी नीट पडला नसता."

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात तो 'टक्' घुमत होता. इंजिन एका कारखान्यातलं, गिअरबॉक्स त्याच्याही आधीचा, दुसऱ्याच कारखान्यातला. दोघांची ड्रॉइंगं काढणारी माणसं एकमेकांना कधी भेटलेली नसणार. एकाला दुसऱ्याचा पत्ताही नाही. तरी एकाचा शाफ्ट दुसऱ्याच्या पोटात इतका नेमका कसा शिरतो?

आत काय असतं ते आधी डोळ्यांपुढे आणू. इंजिनाचा क्रँक जिथे संपतो तिथे फ्लायव्हील असतं, म्हणजे लोखंडाची जाड, जड चकती. तिच्यावर प्रेशर प्लेट आणि दोघींच्या मधे दाबून धरलेली क्लच प्लेट. गिअरबॉक्समधून एक शाफ्ट पुढे आलेला असतो. गॅरेजात त्याला टॉप शाफ्ट म्हणतात. तो क्लच प्लेटच्या मधल्या दात्यांतून आरपार जातो आणि त्याचं निमुळतं नाक क्रँकच्या ऐन मध्यावर बसवलेल्या एका छोट्या बेअरिंगमध्ये, पायलट बेअरिंगमध्ये, टेकतं. म्हणजे या शाफ्टचा एक पाय गिअरबॉक्सच्या घरात आणि दुसरा इंजिनाच्या घरात. ही दोन्ही घरं एकमेकांशी एका रेषेत धरून ठेवण्याचं काम करते ती भोवतीची घंटेच्या आकाराची ओतीव पेटी, बेल हाउसिंग.

रेषा जराशी चुकली तर काय होतं? लगेच काहीच होत नाही, आणि हेच सगळ्यात घातक. गाडी सुरू होते, फेरी मारून येते, मालक पेढे वाटतो. पण शाफ्ट प्रत्येक फेऱ्याला एकदा किंचित वाकत असतो. मिनिटाला दोन हजार फेरे, तर दोन हजार वेळा. लोखंड असं एकदम तुटत नाही, ते थकतं. काही महिन्यांनी गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग गुणगुणायला लागतं. चढावर गिअर आपसूक सुटतो. क्लच प्लेटच्या मधल्या बॉसला तडा जातो. मग गिअरबॉक्स खोलला जातो, बेअरिंग बदललं जातं आणि तीन महिन्यांनी पुन्हा तेच. दोष गिअरबॉक्समध्ये नसतोच. तो पहिल्या दिवसापासून त्या पेटीच्या गोलाईत बसलेला असतो.

म्हणून त्या दिवशी गिअरबॉक्स चढवण्याच्या आधी मिस्त्रींनी दीड तास वेगळ्याच कामात घालवला होता. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधे बसणारी एक रिंग लेथवर करून आणली होती. ती इंजिनावर बोल्टांनी बसवली, डायल गेजचं चुंबक फ्लायव्हीलवर चिकटवलं, गेजचं टोक रिंगच्या आतल्या गोल काठाला टेकवलं आणि पोराला सांगितलं, क्रँक फिरव, पण हळू. फ्लायव्हीलबरोबर गेजही गोल फिरू लागला. मी कोपरावर टेकून काट्याकडे पाहत होतो. शून्यावरून काटा दोनवर, पाचवर, आठवर गेला. पलीकडे पोचेपर्यंत अकरा.

अकरा म्हणजे इंचाचे अकरा हजारांश, अकरा थाऊ. जड ट्रकांच्या क्लचसाठी या काठाला आठ थाऊपर्यंत सूट असते, म्हणजे ०.२ मिलिमीटर. वहीची दोन पानं एकावर एक ठेवा, तेवढी. पायलट बेअरिंगच्या भोकाला तर पाचच थाऊ. मला वाटलं, तीन थाऊंसाठी कोण अडून बसेल? मिस्त्रींनी एक शब्द न बोलता रिंग उतरवली, तिच्या पाठीवरून अंगठा फिरवला आणि एका भोकापाशी थांबले. तिथे लेथवाल्याच्या ड्रिलनं उठवलेली बारीकशी बर राहिली होती, डोळ्यांना न दिसणारी. कानशीचे चार हात मारले, फडक्यानं पुसलं, रिंग परत चढवली. काटा पाचाच्या पुढे गेला नाही. एवढं मोठं इंजिन, आणि त्याचं आयुष्य अंगठ्याला लागलेल्या एका काट्यावर ठरत होतं!

मधली रिंग लागली ती दोघांचे काठ वेगवेगळ्या मापाचे होते म्हणून. पण पुष्कळदा ती लागतही नाही, आणि त्यामागची गोष्ट मला रिंगेहून जास्त थक्क करते. अमेरिकेत १९०५ साली मोटार इंजिनिअरांची एक संस्था निघाली, एसएई. तिच्या कामातलं एक मोठं काम म्हणजे मापं ठरवणं. इंजिनाच्या मागच्या या गोल काठाला तिनं नंबर दिले. ३ नंबरचा आतला व्यास ४०९.६ मिलिमीटर, २ नंबरचा ४४७.७ आणि १ नंबरचा ५११.२. नंबर जितका लहान तितकं वर्तुळ मोठं. हे आकडे असे अर्धवट दिसतात कारण ते मुळात इंचांत ठरले. ४०९.६ म्हणजे सव्वासोळा इंचाला एक सूत कमी. आणि या तिन्ही वर्तुळांवर बोल्ट बाराच, अगदी सारख्या अंतरावर, घड्याळाच्या तबकडीवरच्या आकड्यांसारखे.

सारख्या अंतरावर असण्यात केवढी खुबी आहे पाहा. पेटी एक घर फिरवून बसवली तरी भोकं जुळतात. ट्रक असो, विहिरीवरचा पंप असो, खडी फोडणारं क्रशर असो की मच्छीमारी बोट, ३ नंबरचं इंजिन ३ नंबरच्या कुठल्याही यंत्राच्या गळ्यात गळा घालू शकतं. पुढे काय काय जोडलं जाईल हे माहीत नसताना कुणीतरी एका वर्तुळाचं माप लिहून ठेवलं आणि जगभरच्या ओतशाळांनी ते पाळलं. मला तरी हे एखाद्या मोठ्या शोधाइतकंच मोलाचं वाटतं.

छोट्या गाड्यांनी मात्र हा करार फारसा मानला नाही. फोर्डची भोकं वेगळी, शेव्हरोलेची वेगळी, डॉजची आणखी वेगळी. आणि अमेरिकेत इंजिन बदलण्याचा खरा खेळ तिथेच रंगतो. कमिन्सचं 'बी' मालिकेचं इंजिन ट्रॅक्टर आणि बांधकामाची यंत्रं बनवणाऱ्या केस कंपनीच्या जोडीनं तयार झालं. चार सिलिंडरचं ३.९ लिटरचं आणि सहाचं ५.९ लिटरचं. दोघांत सिलिंडर तोच, १०२ मिलिमीटर रुंद, पिस्टनची धाव १२० मिलिमीटर. १९८९ सालच्या डॉज पिकअपमध्ये सहावालं आलं आणि लोक वेडे झाले. ज्यांच्या घरी फोर्ड किंवा शेव्हरोले होती तेही ते इंजिन मिळवून आपल्या गाडीत बसवू लागले. चार सिलिंडरवालं तर पाव पोचवणाऱ्या ठोकळ्यासारख्या व्हॅन भंगारात निघाल्या की त्यांतून काढून जीपगाड्यांत जाऊ लागलं. आपल्याकडे याच घराण्याची इंजिनं टाटांच्या ट्रकांसाठी जमशेदपूरला होऊ लागली आणि आज टाटा कमिन्सचा कारखाना सातारा जिल्ह्यात फलटणलाही आहे. त्या टँकरच्या पोटात बसलेलं इंजिन आणि तिकडच्या व्हॅनमधलं इंजिन सख्खी भावंडं.

कमिन्सचं नाव निघालंच आहे तर सांगतो, या कंपनीचं नशीबही एका इंजिन-बदलानंच फळफळलं. क्लेसी कमिन्स हा इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावचा माणूस, तिथल्या अर्विन नावाच्या सावकाराचा एके काळचा ड्रायव्हर. अर्विनच्या भांडवलावर त्यानं १९१९ साली डिझेल इंजिनांचा कारखाना काढला. दहा वर्षं झाली तरी पैसा काही सुटेना. १९२९ च्या ऑक्टोबरात शेअर बाजार कोसळला. त्याच वर्षीच्या नाताळच्या दिवशी क्लेसी एक जुनी पॅकार्ड मोटार घेऊन अर्विनच्या दारात उभा राहिला आणि चक्कर मारायला चला म्हणाला. बॉनेटखाली पेट्रोल इंजिनाच्या जागी त्यानं आपलं डिझेल इंजिन बसवलं होतं, बोटींसाठी बनवलेलं. पुढच्या जानेवारीत तीच गाडी चालवत तो न्यूयॉर्कच्या मोटार प्रदर्शनाला गेला. सुमारे १,३०० किलोमीटरच्या त्या प्रवासाला इंधन लागलं १ डॉलर ३८ सेंटचं. १९३१ साली इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत ड्यूझेनबर्ग गाडीच्या सांगाड्यावर चढवलेलं त्याचं डिझेल एकदाही न थांबता शेवटपर्यंत धावलं आणि तेरावं आलं. पुढे १९६२ साली पुण्यात किर्लोस्कर कमिन्स सुरू झालं, त्याचं मूळ त्या नाताळच्या चकरेपर्यंत जाऊन पोचतं.

भोकं जुळली, रेषा जुळली. आता ताकद.

१९८९ च्या त्या पिकअपमधलं इंजिन १६० हॉर्सपॉवरचं होतं. आकडा मोठा नाही, पेट्रोलवर चालणारी कितीतरी इंजिनं याहून जास्त देत. पण गिअरबॉक्सला हॉर्सपॉवर कळत नाही, त्याला पीळ कळतो, म्हणजे टॉर्क. हे इंजिन १,६०० ते १,७०० फेऱ्यांना जवळपास ५४० न्यूटन-मीटर टॉर्क द्यायचं. शाफ्टला एक मीटर लांब पाइप आडवा जोडलाय आणि त्याच्या टोकाला पंचावन्न किलोचं पोतं टांगलंय अशी कल्पना करा. ते पोतं सतत टांगलेलं. आणि हे झालं गिअरबॉक्सच्या दारात. १९९४ पासून डॉजनं डिझेल पिकअपला दिलेल्या पाच गिअरांच्या एनव्ही-४५०० या गिअरबॉक्समध्ये पहिल्या गिअरचं गुणोत्तर ५.६१ होतं. पहिल्या गिअरमधून बाहेर पडताना त्या पोत्याची साडेपाच पोती होतात, तीनशे किलोंच्या वर. म्हणूनच गिअरबॉक्स निवडताना त्याच्या प्लेटवर किंवा पुस्तकात दिलेला टॉर्कचा आकडा आधी पाहायचा आणि इंजिनाचा त्याच्या आत राहतो का ते बघायचं.

इथपर्यंतचं गणित कुणीही मांडेल. पण डिझेल त्यापुढेही एक गोष्ट करतं, आणि माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा तोच आहे. ५४० न्यूटन-मीटर हा सरासरी आकडा आहे. इंजिन असं एकसारखं पिळत नाही, ते ठोसे मारतं. चार धावांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. सहा सिलिंडर म्हणजे फेऱ्याला तीन ठोसे. १,६०० फेऱ्यांना सेकंदाला ऐंशी. प्रत्येक ठोशाला क्रँक झटक्यानं पुढे जातो आणि पुढचा ठोसा येईपर्यंत किंचित मंदावतो. डिझेल हवेला सुमारे सतरापट दाबतं, त्या काळचं पेट्रोल इंजिन आठ-नऊपट. साहजिकच डिझेलचा ठोसा कितीतरी जबर.

आता वाड्यातला झोपाळा आठवा. लहान पोर सुद्धा मोठ्या माणसांनी भरलेला झोपाळा उंच चढवतं, कारण ते जोर लावत नाही, वेळ साधतं. इंजिन, क्लच, शाफ्ट, चाकं ही सगळी साखळी म्हणजे पिळाचा एक झोपाळाच. तिची स्वतःची एक लय असते. इंजिनाच्या ठोशांची लय तिच्याशी जुळली, की शाफ्ट मागेपुढे पिळत राहतो आणि सरासरी टॉर्कपेक्षा किती तरी मोठा हिसका दात्यांवर येतो. कागदावरचा आकडा मर्यादेत, आणि आत मात्र दाते एकमेकांवर आपटताहेत.

एनव्ही-४५०० ची गोष्ट याचाच दाखला आहे. कमिन्सच्या मागे बसलेल्या या गिअरबॉक्सचं एक दुखणं मेकॅनिक लोकांत प्रसिद्ध आहे. वरच्या गिअरमध्ये, कमी फेऱ्यांवर, ओझं घेऊन गाडी रेटत राहिलं की पाचव्या गिअरला धरून ठेवणारा नट हळूहळू सैल होतो. नट सुटला की गिअर शाफ्टच्या दात्यांवरून मागे घसरतो आणि एके दिवशी पाचवा गिअरच नाहीसा होतो. दात तुटलेला नाही, शाफ्ट मोडलेला नाही. सेकंदाला कित्येक वेळा मागेपुढे हलवून हलवून एक नट उलगडला गेला. आपले जुने ड्रायव्हर शिकाऱ्याला बजावतात, इंजिन घुसमटवू नको, गिअर खाली घे. त्या बोलण्यामागचं शास्त्र हे आहे.

क्लच प्लेट हातात घेऊन पाहिली आहे का कधी? तिच्या मध्याभोवती जाड जाड स्प्रिंगा बसवलेल्या असतात. मला बरीच वर्षं वाटायचं की गाडी झटका न बसता उचलावी म्हणून त्या असतील. त्यांचं खरं काम ठोसे गिळण्याचं. इंजिन झटका देतं, स्प्रिंग दबते, गिअरबॉक्सला पोचतो तो बराचसा मऊ झालेला पीळ. मोठं फ्लायव्हीलही तेच करतं, ठोशाच्या वेळी ताकद साठवतं आणि मधल्या पोकळीत परत देतं. म्हणून पेट्रोलच्या जागी डिझेल घालताना जुनी क्लच प्लेट 'मापात बसते' म्हणून ठेवणं हा वाचवलेला पैसा नव्हे. दाते मोजून जुळतात, व्यासही जुळतो, पण त्या स्प्रिंगा दुसऱ्या कुणाच्या ठोशांसाठी घडवलेल्या असतात. चार सिलिंडरच्या डिझेलला तर हे दुप्पट लागू. फेऱ्याला दोनच ठोसे, मधली पोकळी लांब. पावाच्या व्हॅनमधलं ते इंजिन जागेवर सुरू ठेवलं की गाडीचे आरसे थरथरतात.

फेऱ्यांचा हिशेब त्यामानानं सोपा. समजा, टायरचा घेर तीन मीटर आणि मागच्या डिफरन्शलचं गुणोत्तर सहा. जुनं इंजिन २,८०० फेरे घेत होतं तर टॉप गिअरमध्ये वेग ताशी ८४ किलोमीटर. नवं २,५०० लाच थांबत असेल तर ७५. ताकद वाढली आणि गाडी मंदावली, असं मालकाला वाटतं. मग डिफरन्शलमधलं क्राऊन-पिनियन बदलावं लागतं. हे आधी कागदावर मांडायला पाच मिनिटं पुरतात.

आणखी एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. डेट्रॉइट डिझेलची १९३८ साली आलेली '७१' मालिकेची दोन धावांची इंजिनं अशी रचलेली होती, की तेच सुटे भाग वापरून इंजिन उजवं किंवा डावं, हव्या त्या दिशेनं फिरणारं जोडता येई. बोटीला दोन पंखे उलटसुलट फिरवायला ते सोयीचं. पण असं उलट फिरणारं इंजिन कुणी नकळत ट्रकात बसवलं तर? भोकं जुळतील, रेषा जुळेल, टॉर्क जुळेल, आणि ट्रकला पाच रिव्हर्स गिअर मिळतील, पुढे जायला एक!

आपल्याकडे हे सगळं करण्याआधी आरटीओची मंजुरी घ्यावी लागते आणि नवा इंजिन नंबर आर.सी. बुकावर चढवावा लागतो. टँकरच्या मालकानं ते केलं होतं. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम पुन्हा गेलो. इंजिन सुरू होतं, मिस्त्री कान देऊन उभे होते. त्यांनी क्लच दाबायला लावला, सोडायला लावला, पुन्हा दाबायला लावला. आवाजात काही फरक पडला नाही. त्यांनी फडक्याला हात पुसले आणि म्हणाले, "भरा पाणी."

तुमच्या सोसायटीत डिझेल जनरेटर असेल तर पुढच्या वेळी सर्व्हिसिंगला दार उघडतील तेव्हा, तो बंद असताना, इंजिन आणि अल्टरनेटर यांच्यामधला गोल काठ पाहा आणि बोल्ट मोजा. बारा भरले आणि बाहेरून व्यास पंचेचाळीस सेंटीमीटरच्या आसपास असला, तर तो ३ नंबर आहे.